पाव्हणा हात

बसायच्या आधी तो उजवा हात बसवायचा. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून, खांद्यापासून लोंबणारा तो हात गळ्यातल्या झोळीतून बाहेर काढायचा आणि समोरच्या टेबलावर दाणकन आपटायचा. कप उडायचे, बशीत चहा सांडायचा. मग हाताकडे बघून म्हणायचा, "बस रं, पाव्हण्या." त्यानंतर स्वतः बसायचा.

पहिल्यांदा पाहणारा दचकायचाच. तुम्हीही दचकला असता. खाटकाच्या ओंडक्यावर मांस पडावं तसा तो आवाज होता आणि आपटणाऱ्याच्या तोंडावर हसू होतं.

"ह्यो आमचा पाव्हणा," तो ओळख करून द्यायचा. "माझ्याच घरी ऱ्हातो, माझंच खातो, काम कवडीचं करत नाय. वर दिवसरात्र बोंबलतो."

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. कोर्टाच्या कागदांत ते पुष्कळदा लिहून झालं आहे आणि त्यातल्या काही कागदांवर सही माझी आहे.

विमा कंपन्यांसाठी मी अपघातांच्या दाव्यांची चौकशी करत असे. कोणी जायबंदी झालं आणि भरपाई मागायला कोर्टात गेलं, की कंपनीचे वकील मला फाईल द्यायचे. माणूस खरोखर किती मोडला आहे ते बघून यायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, फोटो काढायचे, अहवाल लिहायचा. राहायला मी कर्जतला, भिसेगावात. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके माझ्या स्कूटरखाली होते. वीस वर्षांत मी इतके तुटलेले पाय आणि वाकडे झालेले खांदे पाहिले की समोरचा माणूस ओरडला तर आधी मनात यायचं, हा जरा जास्तच ओरडतोय.

त्याचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून थोडं आत. तो माझ्याच वयाचा. घरची भातशेती होती आणि साजगावच्या एका कारखान्यात तो प्रेस चालवायचा, म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं यंत्र. त्या यंत्रावर बोटं जातात. त्याच्या खात्यात दहा बोटांची माणसं कमी होती. याची सगळी शाबूत होती आणि त्याचा त्याला भारी गर्व. "बावीस वर्षं त्या राक्षसाच्या तोंडात हात घातलाय सायेब. एक नख दिलं नाय त्याला."

अपघात त्याने मला तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा उभं राहून सांगितला. पहिली पाळी संपवून तो मोटारसायकलवर घरी येत होता. भर दुपार. वळणावर समोरून एसटी आली, आणि एसटीला मागे टाकायला म्हणून फार्महाऊसवर निघालेली एक मोटार थेट याच्या बाजूला घुसली. मोटारसायकल चाकांखाली गेली. हा काचेवर आदळला, टपावरून मागे फेकला गेला आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर उजव्या खांद्यावर पडला. डोकं एका अंगाला, खांदा दुसऱ्या अंगाला, मधली मान ताणली गेली.

"धोतर फाडताना आवाज येतो ना, तसा आला. मला वाटलं शर्ट फाटला."

फाटल्या होत्या त्या शिरा. मणक्यातून हातात उतरणाऱ्या नसा मुळापासून तुटून आल्या होत्या. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, ते त्याने आपल्या परीने समजून घेतलं. "लावणीला रोप उपटतात, तसं. फक्त ह्ये पुन्हा लावता येत नाय."

लोकांनी मोटारीच्या ड्रायव्हरला बाहेर ओढलं. एसटीतले उतारू उतरले, वीटभट्टीवरची माणसं धावत आली. लाथा, बुक्क्या, कोणाच्या तरी हातातली छत्री त्याच्या पाठीवर मोडली. ड्रायव्हरचा ओठ फाटला, दात रस्त्यावर पडले. इथे पोचला की हा खदखदून हसायचा.

"मी कठड्याखाली पडून वरडतोय, आरं मला पण एक मारू द्या! कोण ऐकतंय? सगळ्यांनी हात धुऊन घेतला. ज्याचं मोडलं त्याचाच नंबर नाय लागला."

आतून बायकोचा आवाज यायचा, "हसताय काय? मढ्यासारखे पडला व्हता."

"पण नंबर नाय लागला ना गं!"

चूक मोटारीची होती, हे कोणी नाकारलं नाही. भांडण होतं ते याचं किती मोडलं, यावर. हात मेला होता, कोपर वळत नव्हतं, बोटं हलत नव्हती, टाचणी टोचली तर कळत नव्हती. तरी तो हात दुखायचा. मेलेला हात कसा दुखेल, असं मला वाटायचं, तुम्हालाही वाटेल. पण तुटलेल्या नसांचं तसंच असतं, असं डॉक्टरांनी दाखल्यात लिहिलं होतं. तो सांगायचा, तळहात उकळत्या तेलात धरल्यासारखा होतो आणि मग कोणीतरी एकेक बोट पकडीत धरून उलटं पिरगाळतं. अशी कळ दिवसातून आठ-दहा वेळा यायची. आली की तो हात भिंतीवर आपटायचा. त्याच्या ओटीच्या भिंतीला, दाराच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर गिलावा पडलेला होता. पहिल्या भेटीत मी त्या भिंतीचा फोटो काढला नाही. ओल असेल असं समजलो.

दुसऱ्यांदा गेलो ते दिवाळीनंतर, भात झोडायच्या दिवसांत. घरी बायकोच होती. म्हणाली, "झोडायला गेलेत, शेजारच्या खळ्यावर."

"झोडायला? एका हाताने?"

"तुमीच सांगा त्यांना. आमचं ऐकतायत व्हय?"

आमच्या भागात झोडणीला मजूर लावत नाहीत, निदान त्या गावात नाहीत. आज सगळ्यांनी तुमच्या खळ्यावर यायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. पैशाचा संबंध नसतो, हातांची परतफेड असते. हा इस्पितळात होता त्या वर्षी गावाने याचं सगळं भात कापलं होतं, झोडलं होतं, कणगीत भरून दिलं होतं.

खळ्यावर सहा-सात जण होते. आडव्या ओंडक्यावर पेंढ्यांचे तडाखे पडत होते आणि दाणे गोळ्यांसारखे उडत होते. त्यात हा. उजवा हात टॉवेलने कमरेला करकचून आवळलेला, डाव्या मनगटाला दोरीचा फास, फासात पेंढी. ती डोक्यावरून फिरवून तो ओंडक्यावर असा हाणत होता की जणू खाली कोणी माणूस पडला आहे.

"कशाला करताय हे?" मी विचारलं.

"ह्यांचे हात घेतलेत मी, सायेब. द्यायला नको?" मग माझ्या हातातला मोबाइल त्याला दिसला आणि त्याचा चेहरा उजळला. "काढा! व्हिडिओ काढा! दाखवा तुमच्या मोठ्या सायबाला. फुकटचं मागणारा माणूस नाय ह्यो."

शेजारचा म्हातारा हसला. "नीट हाण रं, हिरो. हेमामालिनी बघंल."

एवढंच त्याचं चुकलं. त्याला वाटलं, आपण कष्टाळू आहोत, खोटं मागणारे नाही, हे दिसलं की कोर्ट आपलं ऐकेल. गावात माणसाची किंमत अशीच ठरते. कोर्टात भरपाई मागणाऱ्याने मोडलेलं दिसायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. मी व्हिडिओ काढला.

पाऊण मिनिट झालं असेल. त्याने पेंढी वर उचलली आणि ती वरच राहिली. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग तो गुडघ्यांवर पडला आणि असा ओरडला की झाडावरची वटवाघळं उडाली.

माझा अंगठा मोबाइलवर होता. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

त्या क्षणी मी मनाशी म्हटलं, एखाद्याचं असं दुखणं टिपणं बरं नाही. कदाचित तेव्हा ते खरंही असेल. पण नंतर मी त्याचा जो उपयोग होऊ दिला, त्यानंतर ते खरं राहिलं नाही.

त्याने दातांनी टॉवेल सोडला आणि हात ओंडक्यावर आपटायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा. बोटांची कातडी फाटली, भातावर रक्त सांडलं. बाकीचे बाजूला उभे राहिले, त्यांना सवय होती. मी जवळ होतो. "धरा!" तो ओरडला. "सायेब, धरा त्याला! दाबा!" मी दोन्ही हातांनी तो हात धरला. थंडगार आणि जड, ओल्या पोत्यासारखा. "हाणा! बुक्की हाणा, खांद्याजवळ! जोरात!" आणि मी हाणली. मी, शिकलेला, चष्मा लावणारा माणूस, दुसऱ्याच्या मेलेल्या हातावर बुक्क्या मारत होतो आणि तो "आणिक, आणिक" म्हणत होता. त्याच्या अंगाचा थरकाप माझ्या कोपरापर्यंत येत होता.

हळूहळू कळ उतरली. मी त्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. पाणी पिऊन, डोळे पुसून तो म्हणाला, "हात चांगला हाय तुमचा. पुढल्या वक्ताला या."

अहवालात मी लिहिलं: अर्जदार शेतीची अंगमेहनतीची कामे करताना प्रत्यक्ष दिसला. सोबत चित्रफीत. पुढचं काही लिहिलं नाही. का, त्याची कारणं होती. ती सांगत नाही, कारण सांगायला लागलो की मला बरं वाटायला लागतं.

दीड वर्षाने व्हिडिओ शाबीत करायला कंपनीने मला साक्षीदार म्हणून उभं केलं. आदल्या दिवशी कंपनीचे वकील म्हणाले होते, "विचारतील तेवढंच. जास्त शहाणपणा नको." कोर्टात व्हिडिओ लॅपटॉपवर दाखवला. पेंढी फिरली, आपटली, फिरली, आपटली. लहानशा पडद्यावर तो फार धडधाकट दिसत होता.

त्याच्या बाजूची वकीलबाई तरुण होती. उलटतपासणीत तिने सरळ विचारलं, "चित्रफीत इथे थांबते. त्यानंतर काय झालं?"

तो पहिल्या बाकावर होता, हात मांडीवर घेऊन. त्याने मान पुढे केली. त्याला माझ्याकडून कसलीही धास्ती नव्हती. त्याच्या दृष्टीने त्याचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता.

मी म्हणालो, "आठवत नाही."

"अर्जदाराला काही त्रास झाला?"

"माझ्या लक्षात आलं नाही."

तो उभा राहिला. "सायेब! आसं काय करताय? तुमीच हाणलात की हाताला!"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी खाली बसायला सांगितलं. तो बसला नाही. "रक्त सांडलं व्हतं! पाणी पाजलंत मला! आठवत नाय?" आणि त्याने झोळीतून हात काढून समोरच्या लाकडी कठड्यावर आपटला. पुन्हा आपटला. करंगळीतून बाहेर आलेलं हाड मला पिंजऱ्यातून दिसलं. त्याला कळलंही नाही. तो माझ्याकडेच बघत होता. शिपायाने त्याला मागून कवेत आवळलं, कोणीतरी कापूस आणला. कंपनीचे वकील शांतपणे म्हणाले, "अर्जदाराच्या अंगात किती जोर आहे, हे कोर्टाने पाहिलंच."

निकालात हाताचं अपंगत्व मान्य झालं, पण कमाईची क्षमता रुपयात चार आणेच गेली असं धरलं, कारण तो शेती करू शकतो. दुखण्यापोटी एक ठोक रक्कम होती, एका ओळीत. कारखान्याने त्याला केव्हाच घरी बसवलं होतं.

मी सात महिने त्या रस्त्याने गेलो नाही. खोपोलीला जायचं झालं तरी चौक गावावरून, लांबून जायचो. रोज सकाळी दात घासताना कोर्टातला तो हशा ऐकू यायचा. शेवटी एका दुपारी त्याच्या ओटीवर जाऊन उभा राहिलो आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. मला आठवत होतं. सगळं आठवत होतं. मी खोटं बोललो.

त्याने ऐकून घेतलं. उठला. डाव्या हाताची अशी थोबाडीत दिली की चष्मा अंगणात जाऊन पडला आणि तोंडात खारट चव आली.

"ही त्या डायवरची," तो म्हणाला. "ऱ्हायली व्हती."

मी तोंड वर करतोय तोच दुसरी बसली. मी खांबावर आपटलो.

"ही तुझी."

बायको धावत आली. "अवं, घरी आलेल्या माणसाला मारताय?"

"झालं माझं. आता चा कर गं." तो खाली बसला, आणि पहिल्यांदाच पाव्हण्याला बसवायला विसरला. हात बाजूला लोंबत राहिला. मग म्हणाला, "माज्याकडं कागद व्हते, दाखले व्हते, फोटो व्हते. कागदाला दुखतं का सायेब? दुखताना बघितलेला परका माणूस तूच एक व्हतास."

मी अंगणातून चष्मा उचलून आणला.

"परवा माझी झोडणी हाय. ये. हात पायजेत."

गेलो. मी आयुष्यात कधी भात झोडलं नव्हतं. दुपारपर्यंत तळहात सोलून निघाले, संध्याकाळी मूठ मिटेना. तो मुद्दाम माझ्या शेजारी उभा होता. "काय रं भिसेगाव, दमला? आरं, दोन-दोन हायत तुला!" म्हातारा आणि बाकीचे हसले. मीही हसलो, गाल अजून सुजलेला होता. मधे त्याला कळ आली. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. मी पेंढी टाकली, हात धरला आणि हाणत राहिलो.

त्याच आठवड्यात वकीलबाईकडे जाऊन मी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. रेकॉर्डिंग कुठे थांबवलं, नंतर काय पाहिलं, कोर्टात काय खोटं बोललो, सगळं. ते तिने वरच्या कोर्टातल्या अपिलाला जोडलं. "तुमच्यावर कारवाई होऊ शकते," ती म्हणाली. होऊ दे म्हटलं. कंपन्यांची कामं थांबली. यात काही मोठेपणा नाही. खरं बोलायची वेळ होती तेव्हा मी पिंजऱ्यात उभा होतो, आणि ती वेळ गेली होती.

अपिलाची तारीख लागायच्या आधीच भाद्रपद आला. शेतावरून परतताना गावाबाहेरचा ओढा अचानक फुगला. तो आणि म्हातारा मिळून ओढा ओलांडत होते. म्हातारा पोचला. याचा पाय सुटला. पाण्याने त्याला वीस-पंचवीस हात फरपटत नेलं आणि काठावरच्या उंबराच्या मुळाशी त्याने डाव्या हाताने पकड घेतली.

हे मला म्हाताऱ्याने सांगितलं. "लई वेळ धरून व्हता रं. मी दोर आणायला पळालो. आलो तरी धरूनच व्हता. दोर टाकला. पर दोर धरायचा तर मूळ सोडाया पायजे. दुसरा हात कुठला आणायचा? त्यो पाव्हणा बाजूला नुस्ता तरंगत व्हता. माज्याकडं बघितलं त्यानं. आन् मूळच निसटलं."

खाली बंधाऱ्याच्या दगडांत सापडला. दगडांनी त्याला ओळखू येण्यासारखं ठेवलं नव्हतं. ओळखला तो झोळीवरून.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. पोलिसांचे कागद झाले होते, आणि त्यांतही एक रकाना होता: मृत्यूचं कारण. पाण्यात बुडून, असं लिहिलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला.

उचलताना उजवा हात सुतळीतून सुटला आणि तिरडीबाहेर लोंबायला लागला. कोणीतरी तो आत सारला, तो पुन्हा सुटला. माणसं थबकली. मी पुढे झालो, मनगट धरलं. तसाच थंड, तसाच जड. सवयीने माझी दुसरी मूठ आवळली गेली.

त्याच्या बायकोने माझी मूठ बाजूला केली. तो हात माझ्याकडून घेतला आणि अगदी हळू, आवाज न करता, त्याच्या छातीवर ठेवला. वर आपला तळवा दाबून धरला.

"बस रं, पाव्हण्या," ती म्हणाली. "झालं आता."